शिखर १८० मीटरवर दिसत होतं आणि आम्ही परत फिरलो

डोंगरवाट

परत येऊन तीन आठवडे झाले, रोज लिहायला घेते आणि पुसते, आज मात्र टाकतेच. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण आणि एक गाईड. शिखर ५,९०० मीटर, बेस कॅम्प ४,३०० ला, हाय कॅम्प ५,१५० ला. बेस कॅम्पच्या तंबूत बसून सगळ्यांसमोर वहीत लिहिलं होतं की सकाळी दहाला जिथे असू तिथून मागे वळायचं, मग टॉप कितीही जवळ असो. सगळ्यांनी हो म्हटलं, टीम लीडर म्हणून खाली मी सही केली.

रात्री एकला निघालो. पहिले चार तास वाऱ्याने जीव नकोसा केला, मग एकाचं क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे बर्फातले काटे) दोनदा सुटलं आणि हेडटॉर्चच्या उजेडात ते परत बसवण्यात पन्नासेक मिनिटं गेली. उजाडल्यावर मात्र वारा पडला, आभाळ इतकं स्वच्छ की बघत राहावं. नऊ वीसला आम्ही रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, अल्टिमीटरवर उंची ५,७२०. वरचा अख्खा उतार दिसत होता, टॉपवरचा बर्फाचा कंगोरा दिसत होता. राहिले होते १८० मीटर.

तिथे माझ्या दोरावरच्या मित्राने फोटो काढायला हातमोजे काढले. हा आमच्यातला सगळ्यात फास्ट, हाय कॅम्पला सगळ्यात आधी पोचलेला. फोटो झाला आणि मोजे परत घालायला लागला तर डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात. अंगठा जाईना. ओढत राहिला, मग काढून उलटसुलट करून बघितला, परत त्याच हातात. मी म्हटलं अरे दुसरा हात, त्याने माझ्याकडे बघितलं, हो म्हणाला आणि परत तेच. असं तीन वेळा झालं. डोकं दुखतंय का विचारलं तर म्हणाला मी एकदम ओके आहे, चल. गाईडने दोर आखडून धरला आणि त्याला सपाट जागी टाचेला बोट टेकवत सरळ रेषेत चालायला लावलं, दुसऱ्याच पावलाला त्याचा तोल बाजूला गेला.

नऊ पंचवीसला मी म्हटलं खाली. दहाला पस्तीस मिनिटं बाकी होती. गाईड एकच, खाली हिमभेगांचा पट्टा, दोन गट करता येत नव्हते, त्यामुळे पाचही जणांचं समिट गेलं. गाईडने त्याला किटमधली डेक्साची (डेक्सामेथासोन, सूज कमी करणारं औषध) गोळी दिली आणि उतरलो. संध्याकाळी बेस कॅम्पला तो टुणटुणीत होता. आणि तेच झालं ना, तो म्हणतो मला काहीही झालं नव्हतं, बोटं बधिर होती म्हणून मोजा जात नव्हता, वेळ शिल्लक होती, अजून एक तास दिला असतास तर सगळे वर होतो. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बाकीचे तिघं काही म्हणत नाहीत पण ट्रिपचे फोटोसुद्धा कुणी टाकले नाहीत.

हातातोंडाशी आलेला घास मी चार जणांचा काढून घेतला असं सारखं वाटतं. तुम्ही काय केलं असतं? तुमचा निर्णय कसा होतो? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

कातळ

भावना बाजूला ठेवून आधी आकडे बघू. ५,१५० ते ५,७२० म्हणजे ५७० मीटर, एकला निघून नऊ वीस, सव्वाआठ तास. क्रॅम्पॉनची पन्नास मिनिटं वजा केली तरी साडेसात तास. म्हणजे तासाला ७५-७६ मीटर. त्या वेगाने १८० मीटरला दोन तास वीस मिनिटं लागतात, तेही वर वेग कमी होत नाही असं धरून, आणि तो कमी होतोच. म्हणजे टॉपला पावणेबारा. "अजून एक तास" कुठून आला? नजरेने मोजलेलं अंतर आहे ते. स्वच्छ हवेत, झाड नाही घर नाही काही नाही, बर्फाचा उतार नेहमी जवळच वाटतो.

आणि शिल्लक पस्तीस मिनिटं वापरली असती तर ४५ मीटर चढून दहाला तुम्ही ५,७६५ वर असता आणि तिथून फिरला असता. समिट नऊ पंचवीसला गेलंच नाही, ते क्रॅम्पॉनच्या वेळी आणि त्या वाऱ्यात गेलं होतं.

दहाची वेळ का असते तेही लिहितो कारण अनेकांना ते गाईडचं खूळ वाटतं. रात्रीच्या थंडीत बर्फ बांधलेला असतो, हिमभेगांवरचे बर्फाचे पूल माणसाचं वजन घेतात, दगड जागेवर गोठलेले असतात. ऊन लागलं की हे तिन्ही सुटायला लागतं. पावणेबाराला टॉप म्हणजे तुम्ही भेगांच्या पट्ट्यात दुपारी दोन-अडीचला, दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेला, तेही एक माणूस सरळ चालू शकत नाही अशा अवस्थेत. त्यामुळे ती वेळ टॉपवरून नाही, त्या पट्ट्यातून उलट मोजत आणलेली असते.

उंचवटा

मी थोडा वेगळा विचार मांडतो, धागाकर्तीने खरं सांगा म्हटलंय म्हणून. फिरण्याबद्दल दुमत नाही, पण चार धडधाकट माणसं आणि एक बिघडलेला, तर त्याला उबदार कपड्यात, स्लीपिंग बॅगमध्ये, सुरक्षित जागी एकाबरोबर बसवून बाकीचे जाऊन येऊ शकले असते का? हवा उघडलेली होती. वर्ष वर्ष तयारी करतो माणूस, रजा साठवतो. आणि टर्नअराउंड टाइम, म्हणजे मागे वळायची ठरलेली वेळ, दगडावरची रेघ आहे असं मला वाटत नाही, परिस्थिती बघून पुढेमागे करायला हवा.

रात्रपाळी

डॉक्टर आहे, काही मोहिमांबरोबर गेले आहे, म्हणून उंचवटा यांना आधी उत्तर देते. नाही. बसवून ठेवणं हा पर्याय नव्हताच.

डोंगरवाट, तू जे वर्णन केलंस, दिलेली सूचना डोक्यात न उतरणं आणि सरळ रेषेत चालताना तोल जाणं, हे साध्या एएमएसचं, म्हणजे उंचीवरच्या सौम्य आजाराचं, चित्र नाही. ही मेंदूला सूज यायची, म्हणजे हेसची सुरुवात धरायची आणि तसंच वागायचं. यात डोकं दुखतंय का या प्रश्नाला अर्थ उरत नाही कारण उत्तर देणारा अवयवच आजारी आहे. उपचार एकच, खाली, लगेच. ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजन, डेक्सा असेल तर डेक्सा (सुरुवातीला ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४), पण हे सगळं खाली जाता यावं म्हणून. तो चालतोय तोवर उतरवलं हे फार महत्त्वाचं, कारण दोन-तीन तास त्याच उंचीवर बसवला असता तर कदाचित पायावर उभाच राहिला नसता, आणि ५,७०० वरून न चालणारा माणूस पाच जण उतरवू शकत नाहीत, हिमभेगांमधून तर नाहीच.

संध्याकाळी टुणटुणीत झाला म्हणजे काही झालंच नव्हतं, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. चौदाशे मीटर खाली आला, डेक्सा पोटात, म्हणून बरा झाला. बोटं बधिर असतील तर मोजा घालायला वेळ लागतो, पण हात चुकत नाही, आणि चुकलाच तर एकदा सांगितल्यावर कळतं.

एक विचारू? हाय कॅम्पला किती रात्री काढल्या?

डोंगरवाट

एकच रात्र. आदल्या दिवशी सामान पोचवून परत बेस कॅम्पला झोपायला आलो होतो, मग एक दिवस विश्रांती ठरली होती. पण हवामानाचा अंदाज बदलला, नंतर तीन दिवस खराब म्हणाले, म्हणून विश्रांतीचा दिवस कापला आणि थेट गेलो. तोही निर्णय माझाच.

रात्रपाळी

मग खरा मुद्दा तिथे आहे गं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा सर्वसाधारण नियम आहे. तुम्ही एका फटक्यात ८५० मीटर वर झोपलात. डोंगर नेहमी नियमाप्रमाणे कॅम्प लावू देत नाही, म्हणून तर विश्रांतीचा दिवस ठेवतात.

आणि तो सगळ्यात फास्ट होता हे तू सहज लिहून गेलीस पण मला ते खटकलं. फिटनेस उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट फिट माणूस लवकर चढतो, जास्त जोर लावतो, आणि बाकीचे त्याला विचारत नाहीत कारण सगळ्यांचं लक्ष मागे राहिलेल्यांकडे असतं.

नवखा_ट्रेकर

नवीन आहे, पहिल्यांदाच ५,००० च्या वर जाणार आहे. दोन शंका. वर ऑक्सिजन कमी म्हणजे नक्की काय, आणि ऑक्सिमीटर घेऊन गेलो तर हे आधी कळतं का? डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यावी की नाही यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

रात्रपाळी

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ५,५०० मीटरला दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, एव्हरेस्टच्या टॉपला एक तृतीयांश. म्हणजे प्रत्येक श्वासात हवाच कमी येते.

ऑक्सिमीटर न्या पण त्यावर विसंबू नका. ५,००० वर ८० च्या आसपासचा आकडा अगदी ठणठणीत माणसातही दिसतो, गार बोटावर तर काहीही दाखवतं. आकड्यापेक्षा तुलना बघायची, बाकी सगळे एका पट्ट्यात आणि एकच जण खूप खाली असेल तर त्याच्याकडे लक्ष द्यायचं. खरी तपासणी बिनयंत्राची असते: डोकेदुखी आणि तिच्याबरोबर मळमळ, गळून जाणं, गरगरणं, म्हणजे एएमएस धरा आणि वर जाऊ नका. टाचेला बोट लावून चालता येत नाही म्हणजे खाली. स्वस्थ बसलेलं असताना धाप लागतेय, खोकला थांबत नाही, म्हणजे फुप्फुसात पाणी, तेही खाली, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. हे फुप्फुसाचं बहुतेकदा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री बळावतं.

डायमॉक्स प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून, ही नेहमीची पद्धत, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, घाबरू नका. आणि गोळी घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस कापू नका.

डोंगरवाट

ऑक्सिमीटरचं वाचून पोटात गोळा आला. हाय कॅम्पला संध्याकाळी आम्ही सगळ्यांचे आकडे घेतले होते. आम्ही चौघं ७६ ते ८१ मध्ये. त्याचं ६८. तो म्हणाला हात गार आहेत म्हणून कमी दाखवतंय, आणि मी ते मान्य केलं. हात काखेत धरून गरम करून परत लाव म्हणायला हवं होतं मी. नाही म्हटलं. आम्हाला बारा वाजता उठायचं होतं आणि सगळे थकले होते.

पायपीट

मी एकदा मागे फिरले नाही त्याची गोष्ट सांगते, कारण धाग्यात ती बाजू आलेली नाही. सहा वर्षं झाली. ठरलेली वेळ अकरा, आम्ही टॉपला पोचलो एक वाजता, मी आणि माझी दोराची जोडीदारीण. टॉपवर दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांचं मला जवळजवळ काही आठवत नाही, फोटोत बघते तेव्हा कळतं की मी हसत होते. उतरताना बर्फ गुडघ्यापर्यंत ओला, प्रत्येक पावलाला पाय रुतायचा, बूट आतून भिजले. एका पुलावर माझा पाय कंबरेपर्यंत गेला आणि खाली पायाला काहीच लागत नव्हतं. जोडीदारीण आईस अ‍ॅक्स रोवून आडवी पडली म्हणून मी इथे लिहितेय. कॅम्पला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, शेंडे काढावे लागले. आजही त्या पायावर बूट बांधताना लेस कुठे घट्ट होते ते कळत नाही, हाताने चाचपून बघावं लागतं.

उंचवटा, तुम्ही म्हणता ना परिस्थिती बघून वेळ पुढेमागे करावी, मीही अगदी हेच म्हटलं होतं. अडचण अशी की वर असताना परिस्थिती बघणारं डोकं आपलं राहिलेलं नसतं. वेळ पुढे ढकलण्याचं कारण मला तिथे दर अर्ध्या तासाला नवीन सापडत होतं, आणि प्रत्येक कारण मला तेव्हा पटत होतं. म्हणून मी आता वेळ फक्त अलीकडे आणते, पलीकडे नाही. धागाकर्तीने तेच केलं.

उंचवटा

पायपीट ताई, वाचून गप्प झालो. बसवून ठेवायचं जे मी लिहिलं ते मागे घेतो, डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे, आजारी माणसाबरोबर थांबणाऱ्यालाही मी तिथे अडकवला असता. वेळ फक्त अलीकडे आणायची हे लिहून ठेवलं.

जुना_दोर

गिर्यारोहणाचा इतिहास वाचण्याचा नाद आहे म्हणून थोडी भर. आपण चढलेल्यांची नावं पाठ करतो, फिरलेल्यांची नाही, पण फिरलेल्यांशिवाय चढलेले कळतच नाहीत.

१९५३ चं एव्हरेस्ट सगळ्यांना माहीत आहे, २९ मे, तेन्झिंग आणि हिलरी. त्याच्या तीन दिवस आधी, २६ मेला, त्याच मोहिमेतले बोर्डिलन आणि इव्हान्स साउथ समिटला, म्हणजे मुख्य शिखराच्या जरा खालच्या टोकाला, पोचले होते. तोवर एवढ्या उंचीवर कुणी चढलं नव्हतं. दुपारचा एक वाजलेला, इव्हान्सच्या ऑक्सिजन यंत्राने वाटेत त्रास दिलेला, वर साधारण १०० मीटर शिल्लक. बोर्डिलनला पुढे जायचं होतं. जाऊन परत यायला लागणारा वेळ आणि उरलेला ऑक्सिजन यांचा मेळ बसेना, म्हणून दोघं फिरले.

आणि खुद्द तेन्झिंग? १९५२ च्या मे महिन्यात स्विस मोहिमेबरोबर रेमंड लॅम्बेर आणि तेन्झिंग साधारण ८,६०० मीटरपर्यंत गेले आणि तिथून परत आले. पुढच्या वर्षी टॉपवर तेन्झिंगच्या गळ्यात जो लाल मफलर होता तो लॅम्बेरने दिलेला. मला १९५३ च्या सगळ्या गोष्टीत हा मफलर सगळ्यात आवडतो. फिरलेल्या माणसाची खूण वरपर्यंत गेली.

१९९६ चं उदाहरण तर डोळ्यासमोर ठेवण्यासारखं आहे. १०-११ मेच्या वादळात एव्हरेस्टवर आठ जण गेले, बरेच जण दुपारी दोन उलटल्यावरही वर चढत होते. त्याच दिवशी त्यातल्याच एका टीमचे तीन जण पुढची रांग बघून दुपार व्हायच्या आधी मागे फिरले आणि वाचले. आणि त्याच मोसमात, आठवडाभर आधी, स्वीडनहून सायकलने आलेला गोरान क्रोप टॉपच्या साधारण १०० मीटर खालून उशीर झाला म्हणून परत आला. २३ मेला परत गेला आणि चढला.

नवखा_ट्रेकर

क्रोपचं माहीत नव्हतं. एवढ्या लांबून सायकलने येऊन १०० मीटरवरून फिरणं. आमच्या ग्रुपमध्ये हा धागा पाठवलाय.

कातळ

नवखा, एक हिशोब देतो, निघायच्या आधी कागदावर कर. साध्या डोंगरात नैस्मिथचा नियम चालतो, १८९२ चा आहे, ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. उंचीवर आणि बर्फात तो लागू पडत नाही, तिथे तुमचा कालचा वेग हाच नियम. म्हणून दर तासाला अल्टिमीटर आणि घड्याळ लिहायचं. पहिल्या तीन तासांतच कळतं की ठरलेल्या वेळेला टॉप होतंय की नाही, आणि होत नसेल तर ते पहाटे चारला कबूल करणं सकाळी नऊला टॉप समोर दिसत असताना कबूल करण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं.

वाचनमात्र

आयडी आत्ताच काढला. हातमोजेवाला मी आहे. तिघांपैकी एकाने लिंक पाठवली, रात्री वाचला, मग दोनदा वाचला.

मला ते आठवत नाही. म्हणजे रिज आठवते, फोटो काढला ते आठवतं, वरचा कंगोरा तर डोळे मिटले की दिसतो. माझ्या आठवणीत मी मोजा घातला, थोडा वेळ गेला, आणि तू म्हणालीस खाली. तीन वेळा सांगितलंस हे आठवत नाही. टाचेला बोट लावून चाललो हे अजिबातच नाही. गोळी दिली होती हे मला इथे वाचून कळलं. बेस कॅम्पला मी तुझ्याशी भांडत होतो तेव्हा तुम्ही कुणी हे का सांगितलं नाहीत म्हणून आधी राग आला, मग आठवलं की तू सांगत होतीस आणि मी ऐकून घेत नव्हतो.

कातळ यांचा हिशोब मी स्वतः परत केला. पावणेबारा बरोबर आहे.

उतरताना माझ्या खाली दोरावर कोण होतं?

डोंगरवाट

मी. वर गाईड, मध्ये तू, खाली मी, आपल्या मागोमाग बाकीचे तिघं दुसऱ्या दोरावर. पट्ट्यात तू दोनदा बसलास, उठायचंच नाही म्हणालास. तिसऱ्या वेळी मी म्हटलं माझ्या क्रॅम्पॉनच्या खुणेत पाय टाक, दुसरीकडे बघू नकोस, आणि मग तू तेवढंच केलंस, थेट हाय कॅम्पपर्यंत.

मी तिघांनाही बजावलं होतं की तू घरी पोचून नीट तपासून घेईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. ते माझं चुकलं. आणि ६८ चं चुकलं. विश्रांतीच्या दिवसाचंही.

वाचनमात्र

६८ चं तुझं एकटीचं नाही. हात गार आहेत हे मी म्हणालो होतो. खरं तर हात गार नव्हते, संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं आणि सांगितलं तर मला हाय कॅम्पला ठेवून जाल अशी भीती होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

रात्रपाळी

सांगितलंत ते फार बरं केलंत. परत उंचीवर जायच्या आधी मात्र डॉक्टरांना भेटून हे सगळं, डोकेदुखीसकट, जसंच्या तसं सांगा. एकदा असं झालंय त्याला पुढच्या वेळी चढाईचा वेग कमी ठेवावा लागतो.

वाचनमात्र

भेटतो. वही कुणाकडे आहे?

डोंगरवाट

माझ्याकडे. हाय कॅम्पचे आकडे तूच लिहिले होतेस, आठवतंय? चौघांचे आकडे सरळ ओळीत आहेत आणि तुझा ६८ पार समासात गेलाय.

वाचनमात्र

नाही आठवत. पानाचा फोटो पाठव.

डोंगरवाट

पाठवला. फोन लागतोय का बघ, करतेय.